गोष्टींच्या पुस्तकांत आई कायम चुलीपाशी आणि मुलगा झाडावर. शाळेत यावर काय करता येईल?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत पहिली ते तिसरी तुमच्याकडे आहे, पुस्तकं जुनी आहेत आणि नव्यांना पैसे नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मग आहेत तीच वापरा. मी बेळगावजवळच्या शाळेत तेच करते.

नली-कली म्हणजे कर्नाटकातली खेळत शिकण्याची पद्धत, तिच्यामुळे मुलं गटात बसतातच. गटागटाला पुस्तकं वाटा आणि फक्त चित्रं बघायला सांगा: बाई काय करतेय, बाप्या काय करतोय. ती सांगतील तशा फळ्यावर रेघा मारा. तुम्ही मधे बोलू नका.

मग विचारा, "तुमच्याकडं नट्टीला (भाताच्या लावणीला) कोण जातं?" पावसात गुडघाभर चिखलात वाकलेली आई, आजी, काकू सगळ्यांनी पाहिलेली असते. पुस्तकातला शेतकरी मात्र फेटा बांधून नांगर धरलेला. आमच्या एका मुलीनं पानं मागंपुढं उलटली आणि म्हणाली, "बाई, ह्यात नट्टीच न्हाई, मग भात आलं कुठनं?" एवढं त्यांना सुचलं की पाठकोऱ्या कागदावर राहिलेलं चित्र काढून त्या पानात चिकटवायला लावा.

मुलग्यांचंही बघा. कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) आटवणारे, लग्नात मोठाल्या पातेल्यांपाशी उभे असणारे आचारी बहुतेक पुरुषच. पैसे मिळाले की स्वयंपाक बाप्यांचा होतो! हे मुलांना विचारलंत तर तीच हसत हसत सांगतात.

कित्तूरच्या राणी चन्नम्मांची इंग्रजांशी झालेली 1824 ची लढाई जरूर सांगा, पण तेवढ्यावर भागत नाही. ती राणी होती, आपली आई थोडीच, असं मुलं धरून चालतात. त्यापेक्षा बालभारतीच्या 2019 च्या दुसरीच्या पुस्तकातलं, आई-बाबा मिळून भाजी निवडतात ते चित्र दाखवा. ई-बालभारतीवर पुस्तकं फुकट मिळतात.

एक सांभाळा: "तुझे बाबा घरात काय करतात?" असं एकेकाला उभं करून विचारू नका. कुणाचे बाबा गोव्याला कामाला असतात, कुणाचे नसतातच.

"पोरांना बायकी करताय काय?" असं एखादे पालक विचारतीलच. वाद घालू नका. आपल्याकडं मराठा लाईट इन्फंट्रीतले जवान गावोगाव आहेत. सुट्टीवर आलेल्या एखाद्याला वर्गात बोलवा आणि गणवेशाचं तुटलेलं बटण लावून दाखवायला सांगा. त्या पालकांनाही त्याच दिवशी बोलवा.