नोटरी व्हर्जिनियाची, सही डॅलसची, फ्लॅट कोथरूडचा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवरा सध्या कामासाठी डॅलसला आहे. कोथरूडचा फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. उन्हाळ्यात तिकडे आलो होतो तेव्हा साठेखत (विक्रीचा करार) नोंदवलं. खरेदीखताची मुदत दोन महिन्यांत संपते आहे आणि आम्हाला पुन्हा येणं जमणार नाही, म्हणून माझ्या सख्ख्या भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं ठरवलं. गेल्या वर्षी इथल्या घराचं रिफायनान्सिंग (जुनं कर्ज फेडून नवं घेणं) ज्या ऑनलाइन नोटरीकडून झालं होतं, त्याच व्हर्जिनियाच्या नोटरीसमोर आम्ही दोघांनी व्हिडिओवर सह्या केल्या. त्याची प्रिंट घेऊन भाऊ दुय्यम निबंधक कार्यालयात गेला, तर कागद परत मिळाला. ती नोटरी बोगस होती का? मृत्युपत्रही असंच करायचा विचार होता.

उत्तर : ताई, नोटरी बोगस नव्हती आणि तुमची कोणी फसवणूकही केलेली नाही. कागद परत आला तो भारतीय कायद्यामुळे. दोन महिने हातात आहेत, म्हणजे हे काम निभावेल. पण आजपासूनच लागा.

आधी तिकडचं रिफायनान्सिंग बिनबोभाट कसं झालं ते पाहू, कारण तुमचा गैरसमज तिथूनच सुरू झाला. दूरस्थ, म्हणजे व्हिडिओवरच्या नोटरीचा कायदा सर्वांत आधी व्हर्जिनियाने केला; तो 2012 पासून लागू आहे. आज 40हून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. त्यांत नोटरी कुठे बसली आहे हे महत्त्वाचं असतं. ती आपल्या राज्यात बसून त्या राज्याचे नियम पाळत असेल, तर सही करणारा न्यू जर्सीत असला काय आणि टेक्सासात असला काय, काम त्या राज्याच्या कायद्याने पुरं होतं. मग दुसरी राज्यं ते आपल्याकडे झालं असं मानून घेतात. सगळ्या देशाला बांधणारा संघीय कायदा मात्र अजून नाही. सिक्युअर नोटरायझेशन ॲक्ट नावाचं विधेयक 2023 मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकलं. कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी जाता जाता : तुमच्या राज्यातल्या नोटरींना हे काम करायला यंत्रणा तयार होईपर्यंत, फार तर 2030 पर्यंत, थांबावं लागणार आहे. पण दुसऱ्या राज्यातल्या नोटरीने तिकडच्या कायद्याने केलेला कागद कॅलिफोर्नियात चालतो.

म्हणून अमेरिकेतल्या कामांना, म्हणजे घराचं क्लोजिंग (व्यवहाराची शेवटची पूर्तता), गाडीची कागदपत्रं, शपथपत्र अशांना ही सोय खुशाल वापरा. फक्त बँकेला आणि टायटल कंपनीला (घराची मालकी तपासणाऱ्या) आधी विचारून घ्या. पत्ता, जुनी गाडी, जुनं कर्ज यांवरचे ते ओळख पटवणारे प्रश्न तुम्हाला आठवत असतील. ते अमेरिकेतल्या नोंदींवरून काढतात. त्यामुळे भेटीला आलेल्या आईवडिलांचं काम तिथेच अडतं. आणि व्हिडिओचं चित्रीकरण जपून ठेवण्याचं बंधन असतं, टेक्सासात 5 वर्षं, न्यू यॉर्कात 10 वर्षं. पुढे सहीवरून वाद झाला तर हा चांगला पुरावा आहे.

आता कोथरूडकडे येऊ. नोटरीचं काम व्हर्जिनियाच्या कायद्याने झालं, पण कागद वापरायचा आहे महाराष्ट्रात. तो इथे कागद म्हणून उभा राहतो का, हे भारतीय कायदा ठरवतो.

इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता देणारा आपला कायदा म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000. त्याच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्त मुद्दाम वगळले आहेत आणि त्यात कुलमुखत्यारपत्र आहे. सप्टेंबर 2022 मध्ये या अनुसूचीत बदल झाला आणि तेव्हापासून ‘आता सगळं ऑनलाइन चालतं’ असे संदेश फिरू लागले. कृपा करून त्यांवर विसंबू नका. स्थावर मिळकतीच्या विक्रीचे करार त्या यादीतून निघाले हे खरं. पण कुलमुखत्यारपत्राला दिलेली सूट रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक यांसारख्यांच्या नियंत्रणाखालच्या संस्थांना दिलेल्या अधिकारपत्रापुरती आहे. भावाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र त्यात बसत नाही. तुमच्या दोघांच्या सह्या पडद्यावर उमटल्या, कागदावर नाहीत. भावाने नेली ती प्रिंट, आणि शाईच्या सहीचा मूळ कागद जगात कुठेच नाही. दुय्यम निबंधकांनी तो परत केला यात त्यांची चूक मला दिसत नाही.

‘अपोस्टिल, म्हणजे परदेशात वापरायच्या कागदावरचं सरकारी प्रमाणपत्र, घेतलं तर?’ असं तुम्ही विचाराल. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या हेग करारात आहे आणि अमेरिका 1981 पासून. पण अपोस्टिल एवढंच सांगतं की नोटरीची सही आणि शिक्का खरा आहे. आतला दस्त भारतात वैध आहे की नाही याबद्दल ते काहीही म्हणत नाही. या ऑनलाइन कागदावर अपोस्टिल मिळालं तरी उणीव तशीच राहील. त्यावर पैसे घालवू नका.

आता करायचं ते असं. एकाच कागदावर दोघांच्या सह्या घेण्याचा खटाटोप सोडा. दोन वेगळी कुलमुखत्यारपत्रं करा, तुमचं न्यू जर्सीत आणि यजमानांचं टेक्सासात. मजकूर याच फ्लॅटपुरता आणि याच खरेदीखतापुरता ठेवा. साठेखताचा दस्त क्रमांक आणि तारीख त्यात घाला. ‘माझ्या सर्व मिळकती’ असा मोघम मजकूर नको. नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे, भारतात न राहणाऱ्याने नोटरी पब्लिक, न्यायालय किंवा भारतीय वकिलातीतले अधिकारी यांच्यासमोर सही करून ती प्रमाणित करून घेतलेली चालते. म्हणजे दोन रस्ते आहेत : वकिलात (तुमच्यासाठी न्यू यॉर्क, यजमानांसाठी ह्यूस्टन), किंवा गावातल्या नोटरीसमोर प्रत्यक्ष बसून पेनाने सही आणि त्यावर राज्याचं अपोस्टिल. अपोस्टिल ज्या राज्याची नोटरी त्याच राज्याचं लागतं. न्यू जर्सीत ते ट्रेझरी खातं देतं, टेक्सासात सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय.

2009 च्या रजनी टंडन निकालाचा दाखला देऊन कोणी सांगेल की मुखत्याराने स्वतः दस्त करून दिला तर कलम 33 ची गरजच नाही. निकाल तसा आहे. पण मुदत संपत आली असताना नोंदणीच्या खिडकीवर भावाने सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून दाखवावा असं मला वाटत नाही.

नोटरीच्या रस्त्याने गेलात तर एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. सुप्रीम कोर्टाने 1970 मध्ये जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग या प्रकरणात परदेशी नोटरीही चालते असं सांगितलं. ते कुलमुखत्यारपत्रही अमेरिकेतलंच होतं, कॅलिफोर्नियातलं. पण पहिला कागद कोर्टाने पुरेसा मानला नाही, कारण सही करणारा माणूस तोच आहे याची नोटरीने खात्री केल्याचं त्यावर दिसत नव्हतं. दुसऱ्या कागदावर ते होतं, म्हणून तो टिकला. तेव्हा नुसता शिक्का मारून घेऊ नका. ‘अमुक व्यक्ती माझ्यासमोर प्रत्यक्ष हजर झाली, पासपोर्टवरून ओळख पटवली, तिने माझ्यासमोर सही केली’ असं स्पष्ट लिहून घ्या. प्रत्येक पानावर सही, पहिल्या पानावर फोटो आणि डाव्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदार. अंगठा पाहून तिकडची नोटरी गोंधळेल, पण इथे तो मागतात.

मुद्रांक शुल्काची एक अडचण तुमच्या लक्षात आलेली नाही. महाराष्ट्रात मोबदल्याशिवाय, विक्रीचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको अशा जवळच्या नातेवाइकाला दिलं तर 500 रुपये शुल्क लागतं. इतर कोणाला दिलं तर खरेदीखताइतकं. तुमच्या कागदाला अडचण नाही, भाऊ सख्खा आहे. पण तुमच्या यजमानांचा तो मेव्हणा. यादीत मेव्हणा हा शब्द नाही, ‘अन्य जवळचे नातेवाईक’ असं आहे, आणि त्यात तो बसतो की नाही हे मुद्रांक जिल्हाधिकारी ठरवणार. हा धोका कशाला घ्यायचा? यजमानांची सख्खी बहीण, भाऊ किंवा आईवडील पुण्यात असतील तर त्यांनी आपलं कुलमुखत्यारपत्र त्यांच्यापैकी एकाला द्यावं. खरेदीखताला दोन मुखत्यार उभे राहिले तरी काही बिघडत नाही.

मृत्युपत्राला आपल्याकडे नोटरी लागतच नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे सही आणि दोन साक्षीदार लागतात. इथल्या मिळकतीसाठी ते कागदावर, पेनाने करा. मृत्युपत्रही त्या वगळलेल्या यादीत आहेच.

खरेदीदाराला आजच फोन करा आणि मुदतवाढ नुसती तोंडी न ठेवता लेखी घ्या. लागली नाही तर उत्तम. नव्या दोन्ही कागदांत आधीचं ऑनलाइन कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याचं एक वाक्य घाला, म्हणजे दोन अधिकारपत्रं फिरत राहणार नाहीत. मूळ कागद कुरिअरने पाठवा आणि भावाला सांगा की पाकीट फाडून टाकू नकोस. परदेशात झालेल्या दस्तावर तो महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लागावा लागतो, आणि तो कधी पोचला हे त्या पाकिटावरच्या तारखेवरून दाखवता येतं. खरेदीखताच्या दिवशी प्रत्येक मुखत्याराला ‘कुलमुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे आणि तिने ते रद्द केलेलं नाही’ असं घोषणापत्र द्यावं लागेल. त्याचा मसुदा नोंदणीचं काम पाहणाऱ्या वकिलाकडून आधीच करून ठेवा.