वाचक विचारतात : दक्षिण मुंबईची सीट नेमकी कोणाची?

प्रश्न : आमच्या घरी दर इलेक्शनला एकच वाद. वडील म्हणतात दक्षिण मुंबई म्हणजे देवरांची सीट, आणि मी मतदान करायला लागलो तेव्हापासून तर अरविंद सावंतच निवडून येतायत. खरं काय? (एक वाचक, शिवडी)

उत्तर : दोघंही बरोबर आहात, कारण वडील बोलतायत ती दक्षिण मुंबई वेगळी आणि तुमची वेगळी. वडिलांच्या दक्षिण मुंबईत तुमचं शिवडी नव्हतंच!

सुरुवातीपासून बघू. १९५२, ५७ आणि ६२, तिन्ही वेळा इथून स. का. पाटील निवडून आले, काँग्रेसचे. त्यातलं १९५७ खास लक्षात ठेवा, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात, पाटील उघडपणे त्या मागणीच्या विरोधात, तरी माणूस जिंकला, एवढी मुंबई काँग्रेसवर त्यांची पकड. म्हणून १९६७ चा निकाल लोक अजून सांगतात. समोर जॉर्ज फर्नांडिस, वय ३६, संयुक्त सोशालिस्ट पक्ष, महापालिका कामगार आणि टॅक्सीवाल्यांच्या युनियनचे पुढारी आणि नगरसेवक. पाटील तेव्हा केंद्रात रेल्वेमंत्री. प्रचाराचा सगळा जोर एकाच गोष्टीवर होता, की पाटलांना हरवता येतं आणि ते तुम्हीच करू शकता, आणि लोकांनी ते केलं. मला विचाराल तर या सीटच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, कारण इथला मतदार कोणाच्या खिशात नसतो हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

१९७१ ला इंदिरा लाटेत सीट परत काँग्रेसकडे. १९७७ ला जनता पक्षाचे रतनसिंह राजदा. आणि १९८० ला देशभर इंदिराबाई परत आल्या तरी राजदा टिकले, काँग्रेसच्या मुरली देवरांना हरवून. त्या वर्षी मुंबईतल्या सहापैकी पाच सीट जनता पक्षाने घेतल्या होत्या, हे आज कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

मग वडिलांचा काळ. मुरली देवरा १९८४, ८९, ९१ आणि ९८ असे चारदा जिंकले, मध्ये ९६ ला आणि नंतर ९९ ला भाजपच्या जयवंतीबेन मेहता. २००४ ला मुरलींचे चिरंजीव मिलिंद देवरांनी जयवंतीबेनना हरवलं, वय २७.

आणि मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली. वरळी, लालबाग, परळ, शिवडी हा पट्टा आधी दक्षिण मध्य मुंबईत होता. गिरणगाव ते, त्याचा स्वभावच वेगळा. १९८४ च्या काँग्रेस लाटेत त्यांनी गिरणी कामगारांचे पुढारी दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून दिल्लीला पाठवलं, आणि १९९१ पासून सलग पाचदा शिवसेनेचे मोहन रावले. हाच मतदार २००९ पासून दक्षिण मुंबईत आला. आता सहा विधानसभा आहेत, कुलाबा, मुंबादेवी, मलबार हिल, भायखळा, शिवडी, वरळी. टीव्हीवर ‘साऊथ बॉम्बे’ म्हटलं की समुद्र आणि टॉवर दाखवतात, पण मतदानाची रांग चाळीतून आणि मोहल्ल्यातून येते, आणि याची दखल फार कमी घेतली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मग गिरणगाव आल्यावर २००९ ला शिवसेना का नाही जिंकली? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : मनसे. मिलिंद देवरांना २ लाख ७२ हजारांच्या आसपास मतं, मनसेचे बाळा नांदगावकर १ लाख ५९ हजार, शिवसेनेचे रावले १ लाख ४६ हजार. खालच्या दोघांची बेरीज करून बघा, कळेल. २०१४ ला मनसेचा जोर ओसरला, वर मोदी लाट, आणि शिवसेनेचे सावंत सव्वा लाखाहून जास्त मतांनी आले. २०१९ ला लीड एक लाखाच्या जवळपास.

प्रश्न : २०२४ ला शिवसेना फुटली तरी सावंत कसे आले? (तोच शिवडीचा वाचक)

उत्तर : या वेळी त्यांच्यासमोर धनुष्यबाण होता, म्हणजे शिंदे गटाच्या यामिनी जाधव, तेव्हा भायखळ्याच्याच आमदार. लीड ५२ हजारांवर आलं, म्हणजे फूट लागलीच. पण ते कुठून आलं ते बघा. मलबार हिल आणि कुलाब्यात जाधव पुढे, भायखळा आणि मुंबादेवीत सावंत भरपूर पुढे. म्हणजे जाधवबाई स्वतःच्याच भायखळ्यात मागे पडल्या! शिवसेनेला जो मतदार वर्षानुवर्षं आपला समजत नव्हता त्याने या वेळी मशालीला, म्हणजे सावंतांच्या ठाकरे गटाला, मत दिलं, आणि वरळीत, जिथे आमदार आदित्य ठाकरे, तिथे लीड जेमतेम साडेसहा हजारांच्या वर. वडिलांशी पुढच्या वेळी वाद घालाल तेव्हा विधानसभावार आकडे समोर ठेवा, आणि हो, दोघंही मत द्यायला जा, २००९ ला इथे मतदान ४० टक्क्यांच्या आसपास होतं आणि २०२४ लाही जेमतेम ५०.