मोरपंखीची टोकं करपताहेत? आधी क्षार बघा

लगेच रोजचं पाणी वाढवू नका. बोअरवेलच्या पाण्यातले क्षार कुंडीत साठले की माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतोय ना?

सध्या एवढंच करा:

- तळाची भोकं मोकळी करा. मग पावसाचं किंवा नळाचं पाणी खालून वाहून जाईपर्यंत भरपूर घाला, थोड्या वेळाने पुन्हा घाला. रोजच्या शिंपडण्याने क्षार आतच राहतात.
- ताटलीत साचलेलं ओतून द्या.
- रासायनिक खत बंद! झाड मलूल दिसलं की नवखे हमखास खत टाकतात, त्याने क्षार आणखी वाढतात.

करपलेली टोकं परत हिरवी होत नाहीत, त्यामुळे ती तशीच राहिली तरी घाबरू नका. नव्या फुटीवर लक्ष ठेवा. ईसी मीटर (क्षारांचं प्रमाण मोजायचं यंत्र) वगैरे नंतर बघू.