सही, स्वाक्षरी की हस्ताक्षर?

धरमपेठेतील एका वाचकांनी विचारले आहे की, भाडेकराराच्या मसुद्यात ‘डिजिटल हस्ताक्षर’ असे छापून आले, बँकेच्या अर्जावर ‘स्वाक्षरी’ होती आणि वकिलांचा कारकून मात्र ‘इथं सही करून द्या ना जी’ म्हणाला. तर या तिन्हींपैकी योग्य शब्द कोणता?

‘हस्ताक्षर’ म्हणजे मराठीत मुख्यतः हाताचे वळण. शाळेतल्या हस्ताक्षर स्पर्धेत कोणी सही करून बक्षीस मिळवत नाही. सही या अर्थाने तो हिंदीचा नित्याचा शब्द आहे, आणि १९५६ पर्यंत आपले शहर हिंदी-मराठी अशा दोन्ही भाषा चालणाऱ्या राज्याची राजधानी असल्यामुळे नागपुरी कागदपत्रांत तो अधिक रुळला असावा, असे मला वाटते.

‘स्वाक्षरी’त स्वतःची अक्षरे अभिप्रेत आहेत, म्हणून खेळाडूकडून वहीवर घ्यायची ती स्वाक्षरीच. ‘सही’चे कूळ निराळे आहे. मूळ अरबी ‘सहीह’ म्हणजे बरोबर, निर्दोष. ‘सहीसलामत’मध्ये तोच अर्थ जिवंत आहे. त्यामुळे सही करणे म्हणजे नाव लिहिणे नव्हे, तर ‘हे खरे, हे मला मान्य’ असे सांगणे होय. जुन्या मराठी दस्तांत पाटील अक्षर न काढता नांगराची निशाणी करीत असे आणि ती पुरत असे. कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ ठरवून देणाऱ्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानेही (जनरल क्लॉजेस ॲक्ट), ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची निशाणी ही सहीच धरली आहे.

म्हणूनच संगणकावरील प्रकाराला ‘सही’ हा शब्द मला अधिक चपखल वाटतो, कारण तिथे अक्षर नसते आणि लेखणीही नसते. डिजिटल सहीत मजकुराचा एक गणिती ठसा काढून तो सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने, म्हणजे फक्त त्याच्याजवळच्या गुप्त संख्येने, बंद केला जातो व तिच्या जोडीच्या, सर्वांना खुल्या असलेल्या सार्वजनिक किल्लीने पडताळला जातो. नंतर एखादा स्वल्पविराम जरी हलला, तरी पडताळणी फसते. कागदावरची सही मोबाइलने टिपून फाइलमध्ये चिकटवणे हे मात्र सहीचे निव्वळ चित्र आहे, त्याला डिजिटल सही म्हणू नये. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात आधी डिजिटल सहीच होती. २००८ च्या दुरुस्तीने ‘इलेक्ट्रॉनिक’ हा व्यापक शब्द आणला आणि आधार क्रमांकावर ओटीपी घेऊन केलेली सही त्यात बसली. प्रत्येक डिजिटल सही इलेक्ट्रॉनिक असते, उलटे मात्र नाही.

शासकीय मराठीने ‘स्वाक्षरी’ उचलली आहे खरी. पण गंमत अशी की, डिजिटल स्वाक्षरी असलेल्या सातबाऱ्यावरच ‘सही-शिक्क्याची आवश्यकता नाही’ असेही लिहिलेले असते. जिथे शाई आणि शिक्का आला, तिथे शासनालाही ‘सही’च आठवली.

तेव्हा प्रश्नकर्त्यांनी मसुद्यातले ‘हस्ताक्षर’ खोडून तिथे ‘सही’ लिहावे, आणि ओटीपीने करायची असल्यास ‘इलेक्ट्रॉनिक सही’ असे स्पष्ट म्हणावे. मृत्युपत्राला मात्र हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम अजून लागू नाही. तिथे दोन साक्षीदारांसह कागदावरच सही किंवा अंगठा लागतो.