जानेवारीत डेक बांधायला घ्यावा का?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचं २००९ सालचं घर डोळ्यासमोर आलं. तुम्ही लिहिलंय, अमेरिकेत मिनियापोलिसजवळ नवीन घर, बिल्डरने डेक, म्हणजे घराला लागून उंचावरचा लाकडी ओटा, दिलेला नाही, किचनचं सरकतं दार उघडलं की खाली नऊ फूट मोकळं आणि दाराला आडवी फळी ठोकलेली. मे मध्ये आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतायत आणि एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय जानेवारीतच करून टाका, आत्ता काम नाहीये तर पैसे कमी घेतो. घ्यावा का?

घ्या, पण त्याला आधी एकच विचारा, फुटिंगचं, म्हणजे खांबांखालच्या जमिनीतल्या काँक्रीटच्या पायाचं, काय करणार आहेस? थंडीत डेक बांधता येतो, मी स्वतः फेब्रुवारीत जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या तुळया, बसवलेत, पण जमिनीच्या वरचं काम वेगळं आणि जमिनीच्या खालचं वेगळं, आणि जो माणूस या दोन्हीबद्दल एकाच सुरात "नो प्रॉब्लेम" म्हणतो त्याला काम देऊ नका असं मी तळमळीने सांगतो.

माझं काय झालं ते सांगतो. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी काम सुरू केलं. मंगळवारी सहा खड्डे खणले, इन्स्पेक्टर येऊन खोली बघून गेला, सगळं पास. मग कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला गेला आणि काँक्रीट टाकायला थेट शुक्रवारी आला. मधल्या तीन रात्री खड्डे उघडे, त्यात बर्फ पडलेला, तळाची माती गोठलेली, आणि त्यावरच त्याने काँक्रीट ओतलं. वर ऊब धरून ठेवणारी ब्लँकेट टाकली ती चारच खड्ड्यांवर, दोन तसेच राहिले आणि त्या रात्री पारा १० फॅरनहाइटच्या खाली गेला. हिवाळाभर काही कळलं नाही, डेक छान दिसत होता. एप्रिलमध्ये बर्फ वितळला तसा एक कोपरा इंचभर खाली बसला, आणि त्या दोन उघड्या फुटिंगचा वरचा थर पापुद्र्यासारखा नखाने निघायला लागला. मग बीमला, म्हणजे खांबांवरच्या मुख्य तुळईला, जॅक लावून वरचा सगळा डेक तोलून धरायचा, जुनं फुटिंग फोडून काढायचं, परत खणायचं, परत इन्स्पेक्शन. थंडीत जेवढे पैसे वाचले त्याच्यापेक्षा जास्त गेले, आणि आई आली तेव्हा दार पुन्हा बंदच होतं, याचं जास्त वाईट वाटलं.

हे का होतं ते समजून घ्या म्हणजे कॉन्ट्रॅक्टरशी नीट बोलता येईल. आपल्याकडची जमीन नुसती गोठत नाही, फुगते. बारीक कणांच्या मातीत खालचं पाणी वर ओढलं जातं, समईची वात तेल ओढते तसं, आणि गोठणाऱ्या थरापाशी येऊन त्याच्या बर्फाच्या चकत्या तयार होतात, त्या चकत्या वरचं सगळं उचलतात, डेकचा खांबसुद्धा. म्हणून फुटिंगचा तळ फ्रॉस्ट लाईनच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्या, खाली हवा. मिनेसोटाच्या बांधकामाच्या कोडमध्ये ट्विन सिटीज (मिनियापोलिस आणि सेंट पॉल) आणि दक्षिणेकडच्या भागात ४२ इंच, उत्तरेकडे ६० इंच. गोठलेल्या मातीवर काँक्रीट टाकलं तर उलटं होतं, माती वितळते, तिची ताकद जाते, वरचं फुटिंग बसतं. आणि काँक्रीट हे वाळून घट्ट होत नाही, सिमेंट आणि पाणी यांच्या रिअॅक्शनने घट्ट होतं, थंडीत ती रिअॅक्शन मंदावते, आणि ताज्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं तर ते साधारण ९ टक्के फुगून आतली सगळी वीण उसवून टाकतं. नंतर कितीही ऊब दिली तरी ती ताकद परत येत नाही.

अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचं थंडीतल्या काँक्रीटबद्दल मार्गदर्शन आहे, त्यात ४० फॅरनहाइट म्हणजे साधारण साडेचार सेल्सियसच्या खाली तापमान जाणार असेल तर वेगळी काळजी घ्यायची, आणि काँक्रीटची ताकद ५०० पीएसआय (दर चौरस इंचाला ५०० पौंड) होईपर्यंत ते अजिबात गोठू द्यायचं नाही. काँक्रीट ५० फॅरनहाइटच्या आसपास ठेवलं तर इतकी ताकद यायला दोनेक दिवस लागतात. आपल्या जानेवारीत ५० कुठून आणणार, तर ब्लँकेट, गरम पाण्यात कालवलेलं मिक्स, लवकर सेट होणारं सिमेंट. करता येतं, मोठ्या बिल्डिंगांची कामं इथे हिवाळाभर चालतातच, पण तिथे त्यासाठी माणसं नेमलेली असतात, आपल्या सहा खड्ड्यांसाठी रात्री दोन वाजता ब्लँकेट उडालं का बघायला कोणी येत नाही. अजून एक, सेट लवकर व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराईड घालतात, त्याने आतल्या सळ्या गंजतात, तेव्हा क्लोराईड नसलेलं अॅक्सिलरेटर वापरणार का हे विचारा.

तर मग जानेवारीत करायचं कसं? माझ्या मते तुमच्यासाठी हेलिकल पाईल. मोठ्या स्क्रूसारखी स्टीलची नळी, खाली पाती असतात, मशीनने जमिनीत पिळत फ्रॉस्ट लाईनच्या बऱ्याच खाली नेतात, आणि पिळायला किती जोर लागतोय त्या टॉर्कच्या आकड्यावरून ती किती वजन पेलेल हे काढतात. काँक्रीट नाही, मातीचा ढीग नाही, वाट बघणं नाही, त्याच दिवशी बीम ठेवता येतो. वरचा गोठलेला थर फोडून किंवा ड्रिल करून घ्यावा लागतो. एका मित्राकडे फेब्रुवारीत पाच पाईल सकाळी सुरू करून जेवायच्या आत झाल्या होत्या, मी उभा राहून बघितलंय. साध्या काँक्रीटच्या फुटिंगपेक्षा महाग पडतात, आणि सिटीला आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी इंजिनिअरचं पत्र किंवा टॉर्कचा रिपोर्ट मागतात. सवलत जर यात जाणार असेल तर जाऊ द्या.

पाईल परवडत नसतील तर दुसरा रस्ता म्हणजे जानेवारीत ड्रॉइंग, परमिट, लाकडाची ऑर्डर आणि कॉन्ट्रॅक्टरची तारीख एवढं उरकून ठेवा आणि जमीन मोकळी झाल्या झाल्या पहिला नंबर तुमचा लागू द्या. बहुतेक लोक बर्फ गेल्यावर जागे होतात आणि मग सगळ्यांना एकदमच डेक हवा असतो. फक्त मे ची तारीख थोडी हुकू शकते हे घरी सांगून ठेवा. परमिट लागतंच, तुमचा डेक घराला जोडलेला आहे आणि नऊ फूट उंच आहे, कोणी "लागत नाही" म्हणालं तर तिथेच थांबा.

खणायच्या किंवा पाईल मारायच्या आधी ८११ ला फोन, जमिनीखालच्या लाईनी कुठे आहेत ते दाखवणारी सेवा आहे ती. फुकट आहे, गॅस पिवळा, वीज लाल, पाणी निळं, केबल नारिंगी अशा खुणा करून जातात. आता बर्फावर मारलेला रंग पुढच्या बर्फाखाली जातो, म्हणून झेंडे लावायला सांगा आणि लगेच फोटो काढून ठेवा. स्प्रिंकलर किंवा ग्रिलसाठी ओढलेली गॅसलाईन असल्या आपल्या खासगी लाईनी ते दाखवत नाहीत, त्या बिल्डरकडून विचारून घ्या. आणि हो, जिथे काम होणार तिथला बर्फ आधीपासून साफ करू नका. बर्फाचा थर जमिनीवर गोधडीसारखा असतो, तो काढला की थंडी आणखी खोल जाते.

वरच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा लेजर बोर्ड, म्हणजे घराच्या भिंतीला जोडलेली ती मोठी फळी. डेक पडतात ते बहुतेक वेळा इथून सुटून. नुसते खिळे चालत नाहीत, बोल्ट किंवा स्ट्रक्चरल स्क्रूच हवेत, आणि वर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी भिंतीपासून दूर वळवणारी पट्टी, नीट, नाहीतर पाणी भिंतीत मुरत राहतं आणि पाच वर्षांनी कळतं. थंडीत चिकटणाऱ्या फ्लॅशिंग टेपा नीट चिकटत नाहीत. डब्यावर किती तापमानापर्यंत चालते ते लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या, टेप रात्रभर घरात ठेवून कोरड्या पृष्ठभागावर लावायला सांगा. मी उभं राहून बघितलं असतं, तुम्हीही बघा.

लाकडाचं म्हणाल तर ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं) लाकूड यार्डातून ओलं येतं आणि आतलं पाणी गोठलेलं असतं. त्यावेळी सरळ दिसतं, वसंतात वितळलं आणि सुकलं की आकसतं, पिळतं. ओल्या फळ्यांमध्ये मुद्दाम फट ठेवू नका, चिकटूनच लावा, सुकल्यावर आपोआप फट पडते. कॉम्पोझिटचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्यांचं, बरोबर उलटं, ते तापमानाने लांबीत वाढतं, म्हणजे थंडीत बसवताना टोकाला टोक जिथे येतं तिथे फट जास्त ठेवायची, नाहीतर जुलैत फळ्या एकमेकींना ढकलतात. ट्रेक्स या कॉम्पोझिट कंपनीच्या गाइडमध्ये ४० फॅरनहाइटच्या वर १/८ इंच आणि खाली ३/१६ इंच असं दिलंय, दुसऱ्या कंपनीचं असेल तर त्यांचा आकडा पाळा. थंडीत कॉम्पोझिट ठिसूळ होतं, कडेजवळ स्क्रू मारताना आधी भोक पाडून घ्या. स्क्रू आणि हँगर (जॉइस्ट धरणारे धातूचे आधार) हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, किंवा स्टेनलेसच, आजच्या ट्रीटेड लाकडातलं तांबं साध्या लोखंडाला खातं. स्टेन आत्ता लावू नका, उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर.

दिवस लहान असतात हेही धरून चला, डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. रोज सकाळी पहिला तास बर्फ झाडण्यात जातो. मीठ टाकू देऊ नका, खाली धातू आहे, वाळू टाका. मी स्वतः काम करत होतो तेव्हा ड्रिलच्या बॅटऱ्या घरात ठेवायचो, लिथियमची बॅटरी गोठलेली असताना चार्ज करायची नसते.

पैशांबद्दल, एकरकमी आधी देऊ नका. परमिट मिळाल्यावर थोडे, फुटिंग पास झाल्यावर थोडे, फ्रेमिंग पास झाल्यावर थोडे, आणि शेवटचा हप्ता मे मध्ये, जमीन पूर्ण वितळून लेव्हल परत तपासल्यावर, असं लिहून घ्या. थंडीत केलेल्या कामाची खरी परीक्षा तेव्हाच होते. ज्याला स्वतःच्या फुटिंगची खात्री आहे तो याला तयार होतो.

तुमच्या आई-बाबांना डेक लागणारच. माझ्या आईने २०११ च्या उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या आमच्या डेकवर वाळवल्या, बाबांची सकाळची खुर्ची तिथेच असायची. त्यांचा विचार करून जिना ठरवा, कोडमध्ये पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच चालते, जागा असेल तर सात इंच ठेवा, गुडघ्यांना फार फरक पडतो, आणि जिन्याला हाताने धरायला मुठीत मावेल असा दांडा. डेकच्या कडेचं रेलिंग निदान ३६ इंच आणि मधल्या फटी चार इंचापेक्षा कमी, लहान मुलांसाठी.

आणि दाराची ती आडवी फळी फायनल इन्स्पेक्शन होईपर्यंत काढू नका, फ्रेम पूर्ण झालेली दिसली तरी नाही. आमच्याकडे कामगारांनी सोयीसाठी काढली होती, आणि माझी तीन वर्षांची मुलगी दार सरकवून उंबऱ्यावर उभी असलेली बायकोला दिसली.