चाळीस हजारांत कुठलं कार्ड?

प्रश्न : दादा, मी लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी करते, घर गुहागरला. धाकट्या भावाने ग्राफिक्स कार्डाचा धोशा लावलाय. चिपळूणहून तीन कोटेशनं आणली : इंटेल आर्क बी५८० (१२ जीबी) २६ हजार, एनव्हीडिया आरटीएक्स ५०६० (८ जीबी) ३० हजार, एएमडी आरएक्स ९०६० एक्सटी (१६ जीबी) ३७ हजार. पीसी जुना आहे : रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड, साधा १०८०पी मॉनिटर. खेळतो व्हॅलोरंट आणि जीटीए ५, आता सायबरपंक हवाय. माझी झेप चाळीस हजारांपर्यंत. पैसे कशात वसूल होतील?
— एक ताई, गुहागर

उत्तर : ताई, भावाने तुम्हाला तक्ते दाखवलेच असतील. किंमत भागिले फ्रेम्स (सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रं), म्हणजे एक फ्रेम कितीला पडली. हिशेब खोटा नसतो, पण तो तक्ता करणाऱ्याच्या पीसीचा असतो. प्रोसेसर आड येऊ नये म्हणून ही मंडळी रायझन ७ ९८००एक्स३डीसारखा तगडा प्रोसेसर लावून कार्डं तपासतात. तुमचा ३६०० आहे २०१९ सालचा. व्हॅलोरंट तर मुळातच प्रोसेसरवर चालणारा गेम. तिथे महागाचं कार्ड लावूनही आकडा फारसा हलणार नाही. भावाला म्हणावं, आहे त्या १६५०वरच गेमची ग्राफिक्स सेटिंग एकदम खाली आणून बघ. तरी फ्रेम्स वाढल्या नाहीत, तर दोष कार्डाचा नाही.

सायबरपंकचं तसं नाही, तो कार्डाचा घाम काढतो.

आर्क बी५८० मी पहिल्याच फेरीत बाद करतो. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलं तेव्हा त्या किमतीत ते झकास होतं, आजही नव्या प्रोसेसरबरोबर आहे. पण त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरवर जास्त भार टाकतो आणि ३६००सारख्या प्रोसेसरवर ते चांगलंच मागे पडतं. शिवाय बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू हवं, नाहीतर आणखी खाली.

खरा सामना उरलेल्या दोघांत. ५०६० पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि पीसी यांच्यातल्या रस्त्याच्या, आठच लेन वापरतं, ९०६० एक्सटी सोळाच्या सोळा. तुमचा बी४५० बोर्ड जुन्या पीसीआयई ३.० चा. गेम कार्डाच्या स्वतःच्या ८ जीबी मेमरीत मावतो तोवर याने फार बिघडत नाही. पण सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खराखुरा हिशेब) आणि भारी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची बारीक चित्रं) लावले की १०८०पीलाही ८ जीबी अपुरी पडू शकते. मग उरलेला माल पीसीच्या रॅममधून त्या आठ लेनवरून ये-जा करतो आणि खेळ आचके खातो. सरासरीत हे कळत नाही. मुंबई-गोवा हायवेवर सरासरी वेग ठीक निघाला म्हणून कंबर दुखायची थांबते का? म्हणून भावाला तक्त्यातला ‘१ टक्का लो’ (सर्वांत संथ एक टक्का फ्रेम्सचा वेग) हा रकाना बघायला सांगा.

एनव्हीडियाची बाजूही खरी आहे. डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करून फ्रेम्स वाढवणारं तंत्र) जास्त गेममध्ये मिळतं आणि चित्र सुरेख देतं. एएमडीचं तसंच तंत्र, एफएसआर ४, ९००० मालिकेच्या कार्डांत खूप सुधारलंय, पण गेम कमी. मात्र जाहिरातीतल्या दुप्पट-तिप्पट फ्रेम्सना भुलू नका. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीडियाचे जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरच्या आरटीएक्स ५०७० कार्डात आधीच्या पिढीतल्या अव्वल ४०९० ची ताकद असल्याचं सांगितलं, ते अधल्यामधल्या फ्रेम्स एआयने भरून. त्याने चित्र गुळगुळीत दिसतं, माउसचा प्रतिसाद काही जलद होत नाही. व्हॅलोरंटवाल्याला त्याचा उपयोग शून्य.

तेव्हा सायबरपंक खरंच खेळणार असेल तर ९०६० एक्सटी घ्या, आणि १६ जीबीच. त्याच नावाने ८ जीबीचंही येतं, खोका नीट वाचून घ्या. पुढे पैसे जमले की बायोस अपडेट करून याच बोर्डावर रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर बसेल. आणि हे सायबरपंकचं आठवडाभराचं वेड असेल, तर १६५० राहू द्या, आधी ५६०० घ्या, उरलेले पैसे तुमच्या खात्यात.

उरलेल्या तीन हजारांवर डोळा ठेवा, ते एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) लागतील. १६५० अवघ्या ७५ वॅटचं, त्याला बहुतेक वेळा वेगळी वायर लागतच नाही. ९०६० एक्सटीला १६० वॅट हवेत आणि आठ पिनचा प्लगही. दुकानदाराने कॅबिनेटबरोबर फुकट दिलेला एसएमपीएस असेल, तर त्यावर हे कार्ड लावू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. गेम ऐन रंगात असताना लाइट गेली तर मॉनिटर धरून तो काठावरच येईल. अर्थिंगही तपासून घ्या. आपल्याकडे जांभ्याच्या कातळावर ते धड लागत नाही, उन्हाळ्यात खड्डा सुकला की आणखी बिघडतं. वैशाखात त्यात दोन-चार बादल्या पाणी ओतायचं काम भावाकडे द्या, कार्ड त्याचंच आहे ना!

समुद्र जवळ, म्हणून आणखी एक. वॉरंटीच्या अटींत गंज बहुधा बसत नाही. बिल घेताना हे विचारून घ्या आणि बिघाड झाल्यास कार्ड कोण पाठवणार, कुरिअर कोण भरणार तेही. हजार-दीड हजार जास्त घेणारा चिपळूणचा दुकानदार ही जबाबदारी घेत असेल, तर मी ऑनलाइनच्या वाटेला जाणार नाही. पावसाळ्यात पीसी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. रोज थोडा वेळ चालू ठेवलेला बरा.

प्रश्न : जुनं आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) पंधरा हजारांत मिळतंय. घेऊ का?
— वाचक, मालवण

उत्तर : कार्ड चांगलं, पण २०२१चं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं सोडवून ते कमावणं) बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, त्यातलं हे असू शकतं. विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका. एचडीएमआयच्या तोंडाशी हिरवट-पांढरा थर किंवा कार्डाच्या धातूच्या पट्टीवर गंज दिसला तर सोडून द्या. बिल नसेल तर बारा हजारांच्या वर जाऊ नका.