पीएसपीवरच्या 'मॉन्स्टर हंटर'ला जपानने डोक्यावर घेतलं, मग बाहेरच्या समीक्षकांनी हात आखडता का घेतला?

तुमचा प्रश्न पीएसपी या सोनीच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलवरच्या 'मॉन्स्टर हंटर फ्रीडम 2'बद्दल आहे, म्हणजे राक्षसांची शिकार करायच्या गेमबद्दल. 2007 साली जपानमध्ये तो तुफान खपला, पण पाश्चात्त्य परीक्षणांत त्याला संमिश्र दाद मिळाली. माझ्या मते याचं मोठं कारण म्हणजे चौघांनी शेजारी बसून खेळायचा गेम तिकडे बहुतेकांनी एकट्याने खेळला. त्याचा मल्टिप्लेअर अ‍ॅड-हॉक होता, म्हणजे पीएसपी जवळजवळ असतील तरच चालणारा. गेममध्ये इंटरनेटवरून जोडायची सोयच नव्हती. जपानमध्ये टोळकं सहज जमायचं, इतरत्र एका जागी चार पीएसपी मिळणंच मुश्कील.

कॅमेऱ्यावरची टीका मात्र शंभर टक्के रास्त. पीएसपीला अ‍ॅनालॉग नब, म्हणजे अंगठ्याने सरकवायची चकती, एकच. अंगठा त्यावर ठेवून पळायचं आणि त्याच हाताची तर्जनी वाकवून डी-पॅडने, म्हणजे चार दिशांच्या बटणांनी, कॅमेरा फिरवायचा. थोड्या वेळात बोटाला रग लागते. पुढे निन्टेन्डोच्या 3डीएस कन्सोलवरच्या 'मॉन्स्टर हंटर 3 अल्टिमेट'मध्ये राक्षसाकडे कॅमेरा वळवणारं बटण आलं, तेव्हा कुठे हा त्रास कमी झाला.

पण 'हालचाली जड आहेत' ही तक्रार मला अजिबात पटत नाही. ग्रेट स्वोर्ड या अवजड तलवारीचा वार एकदा सुरू केला की मागे घेता येत नाही. पोशन, म्हणजे जखमा भरून काढणारं औषध, प्यायल्यावर शिकारी हात ताणून उभा राहतो, आणि नेमका तेव्हाच टिग्रेक्स हा राक्षस अंगावर येतो! म्हणून आधी त्याला नीट बघावं लागतं: धडक चुकली की तो कुठे वळतो, कधी थांबतो. राक्षसाची किती ताकद उरली हे दाखवणारी पट्टी (हेल्थ बार) नाही, तो लंगडायला लागला की समजायचं, आता थोडंच उरलंय. हा जडपणा काढला तर शिकारीत राम उरणार नाही. घाईघाईत परीक्षण लिहिणाऱ्याला ते जाणवायला वेळच मिळत नसावा.

2009 मध्ये जपानबाहेर आलेल्या 'फ्रीडम युनाइट'चं स्वागत जास्त चांगलं झालं. त्यात एकट्या खेळाडूसोबत लढायला फेलाइन, म्हणजे मांजर-साथीदार मिळतो, आणि 'फ्रीडम 2'मधलंही जवळपास सगळं आहे. त्यामुळे एकटेच खेळणार असाल तर थेट 'युनाइट' घ्या. मेमरी स्टिकवर (पीएसपीच्या मेमरी कार्डवर) गेमचा डेटा इन्स्टॉल करायचा पर्याय तेवढा सुरुवातीलाच वापरा, लोडिंगचा वेळ बराच वाचतो.